नंबर, तारीख आणि सांगलीचं घर

(‘कागदपत्रं’ हे आमचं वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर. उत्तरं देणाऱ्या काकू मूळच्या मिरजेच्या. १९९३ मध्ये लग्न होऊन त्या न्यू जर्सीला गेल्या आणि तिथल्या एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात २२ वर्षं काम करून निवृत्त झाल्या. प्रश्न विचारणाऱ्यांची नावं आम्ही छापत नाही.)

नेहमीचं आधी सांगून टाकते. मी वकील नाही. वकिलाच्या ऑफिसात २२ वर्षं फॉर्म भरले, फायलींना टॅब लावले, चेकवरच्या सह्या तपासल्या आणि संध्याकाळी कुरिअरवाला निघायच्या आत पाकीट त्याच्या हातात कोंबलं. त्यामुळे कागद कुठे अडतो ते मला कळतं. कोर्टाची पायरी दिसायला लागली की मात्र वकिलाकडे जा.

या वेळच्या निम्म्या पत्रांत ‘व्हॉट्सॲपवर असं वाचलं की’ आहे. त्यातलं काही खरं निघालं, म्हणजे माझंही काम वाढलं.

काकू, मी चिंचवडचा, सध्या डॅलसजवळ असतो. ९ वर्षं एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. आय-१४० (कंपनीने माझ्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज) मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, ऑक्टोबर २०१७. मागच्या आठवड्यात कंपनीने आमची अख्खी टीम काढली. ‘दोन महिन्यांचा पगार मिळेल’ म्हणालेत. मित्र सांगतात, कंपनीने आय-१४० मागे घेतला की नंबर गेला. बायको एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), मुलगी इथेच जन्मलेली, दुसरीत आहे. सगळं गुंडाळून भारतात निघावं का?

तुला ‘तू’च म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

आधी नंबराचं. तो तुझा आहे, कंपनीचा नाही. लेबर खात्यात तुझा पर्मचा (ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीचा) अर्ज दाखल झाला तो दिवस म्हणजे तुझी प्रायॉरिटी डेट, आणि आय-१४० मंजूर झाल्यावर ती तुझ्या नावाला चिकटली. नवी कंपनी पर्म आणि आय-१४० पहिल्यापासून करेल, पण रांगेत तू ऑक्टोबर २०१७ लाच उभा राहशील. फसवणूक वगैरे निघाली तरच ही तारीख जाते. एच-१बी मुळात ६ वर्षांचा. त्यापुढची मुदतवाढ तुला या आय-१४०मुळे मिळत आलीय. तो मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर कंपनीने मागे घेतला तरी त्याच्या आधारावर पुढची मुदतवाढ मागता येते. फक्त मंजुरीच्या नोटिशीची प्रत तुझ्याकडे आहे का ते बघ. ती कंपनीच्या नावाने येते आणि बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याला दाखवतसुद्धा नाहीत. प्रत नाही मिळाली तर निदान पावती क्रमांक तरी घे, आणि हे लॅपटॉप परत करायच्या आधी.

आता दिवस मोजायचे. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा तुझ्या आय-९४ची तारीख येईपर्यंत. यातलं जे आधी येईल ते. इथे दोन खड्डे आहेत. पहिला तुझ्या त्या ‘दोन महिन्यांच्या पगारा’चा. तुला कामावर ठेवून पगार देणार आहेत, की नोकरी संपवून निरोपाची रक्कम देणार आहेत? निरोपाची रक्कम असेल तर तिने ६० दिवस पुढे सरकत नाहीत. एचआरकडून नोकरीची शेवटची तारीख लेखी माग. गोलमोल उत्तर आलं तर दोन तारखांतली आधीची धर. दुसरा खड्डा आय-९४चा. लोक व्हिसा बघतात, आय-९४ बघत नाहीत. व्हिसा दारापर्यंत आणतो, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ सांगतो. शेवटच्या भारतवारीत तुझा पासपोर्ट संपत आला असेल, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच दिलेला असू शकतो, भले एच-१बी त्यापुढे दोन वर्षं असो. आमच्या ऑफिसात हे कळून रडलेले लोक मी पाहिलेत. आज रात्रीच उघडून बघ.

या दिवसांत नव्या कंपनीने एच-१बीचा अर्ज दाखल केला, की तो मंजूर व्हायची वाट न बघता कामाला लागता येतं. नाहीच जमलं तर मुदतीच्या आत बी-२साठी (टुरिस्ट म्हणून राहायला) स्टेटस बदलण्याचा अर्ज करून थोडा श्वास घेता येतो, पण त्यावर नोकरी नाही. बायकोचा एच-४ तुझ्यावर टांगलेला आहे, त्यामुळे तिचं नावही प्रत्येक अर्जात हवं. मुलगी नागरिक आहे, तिची काळजी नको.

घाबरून भारतात जायचं म्हणतोस, त्यावर एक सांगते. २१ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा बोजा आला, तो देशाबाहेर असलेल्या आणि हातात चालू एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी. इथे राहून कंपनी बदलणाऱ्याला तो लावलेला नाही. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख बघ आणि वकिलाला फोन कर. परत जायचंच ठरवलंस तर खुशाल जा, तिथेही माणसं राहतात. पण भीतीने जाऊ नकोस.

आणि हो, नवी कंपनी ‘पर्मचा खर्च तुझ्या पगारातून कापू’ म्हणाली तर तिथून उठ. पर्मचा आणि त्यातल्या वकिलाचा खर्च मालकानेच करायचा असा नियम आहे. जी कंपनी तिथे हात मारते ती पुढेही मारणार.

माझा जन्म मस्कतचा, बाबा तेव्हा तिथे नोकरीला होते. पासपोर्ट भारताचा. लग्न ठरतंय तो मुलगा ह्यूस्टनला आहे, ईबी-२ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचा एक वर्ग), तारीख २०१९ ची. त्याच्या आईने पत्रिका मागितली. जन्मगावाने दुसरा कुठला फरक पडतो का?

पडतो, आणि ३६ पैकी ३६ गुण जुळण्यापेक्षा जास्त पडतो.

रांग पासपोर्टाने ठरत नाही, जन्माच्या देशाने ठरते. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात बायका-मुलंही मोजतात, आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्के. भारतात जन्मलेल्यांची रांग म्हणून तुंबलेली. नवरा आणि बायको बरोबर अर्ज करत असतील तर दोघांपैकी कुणाच्याही जन्मदेशाची रांग धरता येते. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठे पोचली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात) ईबी-२ची भारताची तारीख १ एप्रिल २०१३ होती, आणि ओमान ज्यात येतो त्या ‘बाकी सगळे देश’ या रकान्यात १ डिसेंबर २०२३. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याची २०१९ ची तारीख कुठे बसते ते त्यांना स्वतःलाच मोजू द्या. खुर्चीवर बसवून सांगा.

मस्कतचा मूळ अरबी जन्मदाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर शोधून ठेवा. तुमच्या पासपोर्टावर जन्मस्थळ मस्कतच लिहिलंय ना, तेही बघा. एका फायलीत बाबांच्या एजंटने सोय म्हणून मुंबई लिहून ठेवलं होतं, ते निस्तरायला आठ महिने लागले. मुलगा आवडला असेल तरच करा, हे मी सांगायला नको.

मोठी मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याहून सिॲटलला आलो. ती ऑगस्ट २००६ ची, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. यांची ईबी-२, मार्च २०१४. धाकटा इथला, नागरिक. मुलगी २१ची झाली की कुटुंबाच्या अर्जातून बाहेर पडेल असं ऐकते. रात्री झोप लागत नाही. काही मार्ग आहे का?

तुमचं पत्र मी बाजूला ठेवलं होतं, मग परत घेतलं. आमच्या ऑफिसात अशा फायलींवर पिवळी चिठ्ठी असायची, तिच्यावर नुसता मुलाचा वाढदिवस लिहिलेला. बाकी कुठल्याच फायलीवर आम्ही वाढदिवस लिहीत नव्हतो.

मुलांचं वय थोडं रोखून धरणारा एक कायदा २००२ चा आहे. त्याचं गणित असं: कुटुंबाचा नंबर लागेल त्या दिवशीचं मुलीचं वय घ्यायचं आणि त्यातून आय-१४० इमिग्रेशन खात्यात जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या आत आलं तर ती तुमच्याबरोबर, फक्त तिने वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. आता यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. २०१४ मध्ये ज्यांनी जादा पैसे भरून प्रीमियमने आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला, त्यांच्या मुलांना वजा करायला जेमतेम पंधरा दिवस मिळतात. ज्यांचा साध्या रांगेत आठ महिने कुजला, त्यांना आठ महिने. तुमचा कसा झाला ते पत्रात नाही. पावतीची तारीख आणि मंजुरीची तारीख, दोन्ही काढा आणि दिवस मोजा.

‘नंबर लागणं’ म्हणजे काय, तेही मध्येच बदललं. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. पहिल्यात कार्ड प्रत्यक्ष देण्याच्या तारखा, दुसऱ्यात अर्ज भरून घेण्याच्या, आणि दुसऱ्या तक्त्यातल्या सहसा पुढे असतात. फेब्रुवारी २०२३ पासून मुलांचं वय दुसऱ्या तक्त्यावर गोठवता यायचं. १५ ऑगस्ट २०२५ पासून खात्याने ते परत पहिल्या तक्त्यावर नेलं. म्हणजे दुसऱ्या तक्त्यानुसार तुमचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) भरून झाला, मुलीला वर्क परमिट आलं, तरी पहिला तक्ता मार्च २०१४ च्या पुढे जाईपर्यंत तिचं वय वाढतच राहणार.

तुमच्याकडे ऑगस्ट २०२७ पर्यंतचा वेळ आहे, अधिक ते वजा होणारे दिवस. तक्ता तेवढ्यात पोचेल का, हे मी सांगणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याशी पैज लावा. ही तारीख कधी सहा महिने उडी मारते, कधी वर्षभर हलत नाही, आणि कधी मागेही जाते.

करण्यासारखं काय? ईबी-३ची (ईबी-२च्या खालच्या वर्गाची) भारताची तारीख बघत राहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती २२ ऑगस्ट २०१३ होती, ईबी-२च्या पुढे. नोकरी तीच असेल तर कंपनी त्याच पर्मवर ईबी-३चा दुसरा आय-१४० भरू शकते, मार्च २०१४ ची तारीख बरोबर येते, आणि ईबी-२चा अर्जही जिवंत राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ अशीच पुढे उडाली तेव्हा आमच्या ऑफिसात लोकांची रांग लागली होती. ‘ईबी-३ म्हणजे खालचा दर्जा’ म्हणून नाक मुरडणारेही त्यात होते. कार्डावर दर्जा कोण वाचतं? मुलीचा अर्ज ज्या आय-१४०वर उभा राहील त्याचेच पडून राहिलेले दिवस वजा होतात, तेव्हा नवा भरताना प्रीमियम करायचा की नाही हा प्रश्न वकिलाला मुद्दाम विचारा.

मुलीचा एच-४ मात्र २१व्या वाढदिवशी संपतो. त्याला हे वजाबाकीचं गणित लागू नाही. त्याच्या बऱ्याच आधी एफ-१साठी (विद्यार्थी व्हिसासाठी) अर्ज गेला पाहिजे. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आत्ताच जाऊन या, फीचं काय होईल तेही विचारा, ते राज्याराज्यात वेगळं असतं.

एक विचारते, राग मानू नका. मुलीला हे माहीत आहे का? पत्रभर तुम्ही आहात, हे आहेत, झोप आहे. ती कुठेच बोलत नाही. ती १९ वर्षांची आहे आणि कुठला मेजर घ्यायचा हे याच वर्षी ठरवते आहे. कुठल्या पदवीनंतर एफ-१वर एक वर्ष काम करता येतं आणि कुठल्या विषयांत त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात, हे तिला आत्ता कळायला हवं. पुढच्या वर्षी कळून उपयोग नाही.

आदरणीय ताई, मी सांगलीचा निवृत्त शिक्षक, वय ७१. मुलगा शार्लटला, नागरिक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड केलं. आम्ही हिवाळा सांगलीत, उन्हाळा तिकडे असं करतो. गेल्या खेपेस आठ महिने सांगलीत राहिलो, तर उतरल्यावर अधिकाऱ्याने आत नेऊन दोन तास बसवलं. ‘तुम्ही नक्की राहता कुठे?’ विचारलं आणि एका फॉर्मवर सही करायला सांगितली. केली नाही. मुलगा म्हणतो, सहा महिन्यांतून एकदा येऊन गेलं की पुरतं. हिला तिकडे करमत नाही. घर गावभागात आहे, २०१९ च्या पुरानंतर दुरुस्त केलं. काय करावं?

सर, नमस्कार. मी मिरजेची, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना कृष्णेचा घाट डोळ्यांसमोर होता.

अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न उद्धट वाटला असेल, पण प्रश्न तोच आहे. ग्रीन कार्ड म्हणजे लांब मुदतीचा टुरिस्ट व्हिसा नाही. मी इथे राहतो, असं तुम्ही त्या कार्डावर सांगितलेलं आहे. चिरंजीवांचा ‘सहा महिन्यांतून एकदा’ हा नियम कुठेही लिहिलेला नाही. लिहिलंय ते असं: १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर तुम्हाला दारात नव्याने तपासता येतं. वर्षाहून जास्त राहिलात तर नुसत्या कार्डावर आत येता येत नाही. १८० च्या आत आलात तरी ‘यांचं घर तिकडेच आहे’ असं वाटलं तर अधिकारी विचारणारच. तो बघतो की टॅक्स भरता का, राज्याचं ओळखपत्र आहे का, बँकेत खातं आहे का. तुमच्या वतीने उत्तर देणारं सामान इथे शार्लटला फार कमी आहे आणि सांगलीत भरपूर.

सही केली नाहीत हे उत्तम केलंत. तो फॉर्म आय-४०७, कार्ड आपण होऊन परत करण्याचा. तो जबरदस्तीने भरायचा नसतो, न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे. पुढे कधी पुन्हा असा प्रसंग आला तर हेच करा, शांतपणे.

दोन गोष्टी मुलाने तुम्हाला सांगितल्या नसाव्यात. सांगितल्या असत्या तर पत्रात आल्या असत्या. पहिली, टॅक्स. कार्ड आहे तोवर अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या लेखी तुम्ही इथले. जगात कुठेही आलेलं उत्पन्न इथल्या विवरणात दाखवायचं: पेन्शन, एफडीचं व्याज, वरचा मजला भाड्याने दिला असेल तर ते भाडं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कुठल्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यायची. निवृत्त शिक्षकाच्या एफडी मिळून ते सहज होतं. देणं निघेलच असं नाही, पण न दाखवण्याचा दंड वेगळा. दुसरी गोष्ट औषधपाण्याची. ६५ च्या पुढे सलग पाच वर्षं इथे राहिलं की हप्ते भरून मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) घेता येतं. तुम्ही अर्धं वर्ष सांगलीत, तेव्हा ती पाच वर्षं तुमची नीट मोजली जातील असं धरून चालू नका. तोवर विम्याचा बोजा मुलावर.

मार्ग तीन दिसतात. इथे खरोखर राहायचं, हा पहिला. वहिनींचं उत्तर पत्रात आहेच. दुसरा, री-एंट्री परमिट. त्याचा फॉर्म आय-१३१ तुम्ही अमेरिकेत असतानाच भरायचा, बोटांचे ठसे इथे द्यायचे, मग निघायचं. दोन वर्षांपर्यंत बाहेर राहायची सोय होते. घराचा काही निकाल लावायला, कुणाचं आजारपण काढायला हे चांगलं. पण कायम सांगलीत राहणाऱ्याने दर दोन वर्षांनी तेच मागत राहिलं तर अधिकारी पुन्हा तोच प्रश्न विचारतो. तिसरा, तोच फॉर्म आय-४०७, पण घरी बसून, चष्मा लावून, विचार करून. कार्ड परत द्यायचं आणि पुढे टुरिस्ट व्हिसा मागायचा. तो मिळतोच अशी हमी नाही, बीकेसीत मुलाखत द्यावी लागते. पण ‘कार्ड होतं, राहायचं नव्हतं म्हणून परत दिलं’ ही गोष्ट सरळ आहे आणि कागदावर दिसते. कार्ड दीर्घकाळ, म्हणजे गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत ठेवलं तर परत देताना टॅक्सची आणखी एक भानगड लागते. तुमची तीनच झालीत.

माझ्या आईचं कार्ड मीच केलं होतं. ऑफिसात बसून, स्वतःच्या हाताने, हौसेने. मिरजेत मार्केटाच्या मागे तिचं घर, सकाळी पोळ्या लाटताना गल्लीतल्या चार बायका ओट्याशी यायच्या. इथे ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची आणि बर्फ साफ करणाऱ्या गाडीची वाट बघायची, कारण रस्त्यावर तेवढंच हलायचं. मी कामाला जायचे. मला वाटायचं, रुळेल. चौथ्या हिवाळ्यात ती म्हणाली, ‘तुझं चुकलं नाही, पण मला घरी जायचंय.’ आय-४०७ आम्ही डायनिंग टेबलावर भरला. तिची सही लांबलचक, चौकटीच्या बाहेर गेली, म्हणून मी नवा कागद काढला तर म्हणाली, ‘राहू दे की, सहीच आहे ना.’ नंतर टुरिस्ट व्हिसावर ती दोनदा आली, एकदा माझ्या मोठ्याच्या लग्नाला. त्या वेळी तीन महिने मजेत राहिली, परतीचं तिकीट पर्समध्ये होतं म्हणून.

तुम्ही काय करावं हे मी ठरवणार नाही, सर. पण तुमच्या मुलाला एकदा फोनवर नाही, समोर बसवून विचारा की कार्ड कुणासाठी हवंय. आम्हा पोरांना ते आई-वडिलांसाठी केलंय असंच वाटतं.

भावाने २०१० मध्ये माझा अर्ज भरलाय. मी साताऱ्यात, मुलं १४ आणि ११ वर्षांची. कधी बोलावणं येईल? मधल्या काळात फिरायला जाता येईल का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातल्या भावंडांची रांग २००६ च्या अर्जांपाशी होती. तुमच्या आणि तिच्यामध्ये चार वर्षांचे अर्ज आहेत, आणि ही रांग वर्षाला एक वर्ष सरकत नाही. मुलं बरोबर येतील असं धरून चालू नका. घराचं रंगकाम त्यासाठी थांबवू नका.

फिरायला व्हिसा मागता येतो. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज भरलाय का’ असा प्रश्न आहे. तिथे ‘हो’ लिहा. एजंट ‘नाही’ लिहायला सांगतात, आणि त्यांच्या सगळ्या उत्तरांत हे सर्वांत महाग पडतं.

मी नागरिक झाले, आता आईसाठी अर्ज करतेय. आई परभणी जिल्ह्यातली, १९५८ ची. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून. मामा म्हणतात, ‘ती दिवाळीच्या आसपास झाली.’ लग्नानंतर आईचं पहिलं नावही बदललं. कुठून सुरुवात करू?

आमच्या वकिलांनी एकदा मला विचारलं होतं, ‘तुमच्या राज्यात सगळी मुलं १ जूनलाच जन्मतात का?’ त्यांच्या टेबलावर तेव्हा चार फायली होत्या, चारही १ जूनच्या. मी त्यांना शाळा जूनमध्ये सुरू होते आणि गुरुजींना दाखल्यासाठी सहा वर्षं पुरी भरलेलं मूल लागायचं, हे समजावलं. ते खूश झाले आणि पुढे प्रत्येक मराठी अशिलाला ही गोष्ट ऐकवायचे.

१ जून तसाच ठेवा. दाखला, पासपोर्ट, आधार, पॅन सगळीकडे तोच असेल तर खरी दिवाळी शोधायला जाऊ नका.

सुरुवात आईच्या जन्मापासून नाही, तुमच्या जन्मापासून करायची. आय-१३०ला (नातेवाइकासाठी तुम्ही भरायचा अर्ज) तुमचा जन्मदाखला लागतो, ज्यात आईचं नाव आहे. त्यात सासरचं नाव आहे की माहेरचं, ते आधी बघा. मग आई-बाबांचं लग्न नोंदवलेलं आहे का बघा. नसेल तर नोंदवून घ्या. आई-बाबा दोघं असतील आणि लग्नाची पत्रिका किंवा एखादा फोटो सापडला, तर या वयातही ते होतं. त्यात माहेरचं नाव आणि सासरचं नाव एका कागदावर येईल असं बघा. फॉर्मवर ‘वापरलेली इतर नावं’ म्हणून रकाना आहे, त्यात दोन्ही लिहा. रिकामा सोडू नका.

आईचा स्वतःचा जन्माचा पुरावा पुढे मुलाखतीच्या वेळी लागेल. जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदाच १९६९ चा, त्यामुळे त्याआधीच्या खेड्यातल्या जन्माची नोंद नसणं नवलाचं नाही. ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या, सही-शिक्क्यासह. शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि आईपेक्षा वयाने मोठ्या, तिचा जन्म माहीत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. त्यांत आईचं जन्मनाव, आजी-आजोबांची नावं, गाव, आणि हे आपल्याला कसं माहीत, हे सगळं हवं. मामांना दिवाळी आठवत असेल तर त्यांच्या तोंडी १ जून घालू नका. ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे १ जून १९५८’ असं लिहिलं की त्यांना खोटं बोलावं लागत नाही आणि तुमचाही कागद जुळतो.

नोटरीकडे मामांबरोबर कुणीतरी जा. मागे एका मामांनी चष्मा विसरल्यामुळे साक्षीदाराच्या जागी सही केली होती, आणि अख्खं प्रतिज्ञापत्र जिंतूरहून पुन्हा करून आणावं लागलं.